घरच्या घरी मासे पाळण्याची सोपी पद्धत

(शिरूर कासार व परिसरातील नवशिक्यांसाठी)

पद्धत खरोखर सोपी आहे. एक टाकी घ्यायची, तिच्यात मासे सोडायचे. टाकीतलं पाणी छोट्या मोटारीने वर चढवायचं, खडी भरलेल्या वाफ्यातून झिरपू द्यायचं आणि परत टाकीत सोडायचं. वाफ्यात पालक, मेथी, कोथिंबीर. माशांच्या घाणीवर भाजी वाढते, भाजीने साफ केलेलं पाणी माशांना मिळतं, आणि भाजी व मासे दोन्ही आपल्या ताटात येतात. याला ॲक्वापोनिक्स म्हणतात. आमच्या शेजारच्या आप्पांनी पहिल्याच दिवशी सगळं बघून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी माशाच्या मुतावर मेथी." शास्त्र बघायला गेलं तर मासा अमोनिया मुतातून थोडा आणि कल्ल्यांवाटे जास्त टाकतो. पण आप्पांची व्याख्या सुटसुटीत आहे, तीच पाठ करा.

पायरी पहिली : मासा निवडा

मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला पहिल्यांदा ब्लूगिल पाळावासा वाटतो. मलाही वाटला. अमेरिकेतल्या तळ्यांचा हा मासा, हाताच्या पंजाएवढा, कल्ल्याच्या झाकणावर निळसर-काळा ठिपका. थंडी सोसतो, मिळेल ते खातो, चवीला चांगला. इलिनॉयचा तर तो राज्यमासा आहे. मी त्याचं मराठी बारसंही करून टाकलं, निळकल्ल्या. बारसं झालं, बाळ मात्र येईना. जिवंत परदेशी मासा केंद्र सरकारच्या परवानगीवाचून देशात आणता येत नाही.

आणि येत नाही तेच बरं. १९६० साली जपानचे युवराज अकिहितो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. युवराज स्वतः माशांचे अभ्यासक. लोकांना खायला आणखी एक मासा मिळेल म्हणून त्यांनी ते मत्स्य संशोधन संस्थेकडे सोपवले. तिथून हा निळकल्ल्या पसरत पसरत बिवा सरोवरात पोचला आणि तिथल्या मूळच्या माशांची अंडी-पिल्लं फस्त करत सुटला. २००७ साली, सम्राट झालेल्या अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. एका राजाला भेट म्हणून मिळालेला मासा सत्तेचाळीस वर्षं छळतो, तर तुमचाआमचा काय पाड? आपण सिंदफणेच्या काठचे. सिंदफणा गोदावरीला मिळते. गोदावरी कुठवर जाते ते शाळेत शिकवलेलं आहे.

नवशिक्याचा दुसरा उमेदवार म्हणजे चिलापी. पुस्तकातला तिलापिया तो हाच. १९५२ साली भारतात आणला. आता भिगवणला जाऊन उजनीच्या माशांचे ढीग बघा, म्हणजे पाहुणा घरमालक कसा होतो ते कळेल. मासा चिवट आहे, या पद्धतीला सगळ्यात सोयीचाही आहे, पण पाळायचा तर मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी काढा आणि बीज मान्यता असलेल्या केंद्रातूनच घ्या. परदेशी मांगुराचं कुणी नाव काढलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, त्याच्यावर बंदी आहे.

मी रोहू घेतला. तो आपला आहे. त्याला मोकळं तळं आवडतं, टाकीत तो सावकाश वाढतो आणि रात्री उड्या मारतो, एवढेच त्याचे दोष. मत्स्यपालनाचं आपल्याकडचं सगळ्यात जुनं आख्यान मनूचं. हात धुताना ओंजळीत आलेला मासा त्याने भांड्यात ठेवला, भांडं पुरेना, मग खड्ड्यात ठेवला, खड्डा पुरेना, शेवटी समुद्रात नेऊन सोडावा लागला. व्हिडिओंमधले मासे अजून त्याच वेगाने वाढतात. तुमचे वाढणार नाहीत.

बीज घेताना मत्स्यजिरे घेऊ नका, ते नवशिक्याच्या हाती टिकत नाहीत. बोटुकली घ्या, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं. मी चाळीस आणली, पैठणकडून, ऑक्सिजन भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टरने विचारलं, "काय हाय?" मासे म्हटलं. "जित्ते?" हो म्हटलं. "मंग हाफ लागंल." आणि हसत पुढे गेला. घरी आल्यावर पिशवी फोडून ओतायची नाही. बंद पिशवीच टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट होऊ द्यायचं, मग तोंड उघडून माशांना आपापलं बाहेर येऊ द्यायचं. इथे घाई करणारे लोक मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

पायरी दुसरी : पाणी घ्या

मार्गदर्शिकांमध्ये ही पायरी एका ओळीची असते : "टाकीत १,००० लिटर स्वच्छ पाणी भरा." ही ओळ लिहिणारा माणूस मे महिन्यात शिरूर कासारला आलेला नाही. इथे उन्हाळ्यात दारोदार निळे बॅरल ओळीने उभे असतात आणि टँकरचा हॉर्न वाजला की अंगावरच्या कपड्यानिशी गल्ली धावते. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आमच्याकडे अजून कालच्यासारखं सांगतात. अशा गावात हजार लिटर पाणी माशांसाठी मागायचं म्हणजे आधी घरात ठराव पास करून घ्यावा लागतो.

मी ठरावाची बाजू नीट मांडली. म्हटलं, हे पाणी खर्च होत नाही, ते फिरतं. बायको म्हणाली, "मग फिरताना स्वयंपाकघरातनं जाऊ द्या."

वास्तविक मुद्दा माझ्या बाजूचा होता. ही पद्धत नावारूपाला आणली ती व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात डॉ. जेम्स राकोसी यांनी, १९८०च्या सुमारास, आणि तीसुद्धा गोड्या पाण्याची वानवा असलेल्या बेटावर. पाणी फिरतं म्हणून रोजची भर फक्त एक ते तीन टक्के. म्हणजे हजार लिटरच्या टाकीला दहा ते तीस लिटर, एक किंवा दोन घागरी. तेवढ्याच जागेत वाफे करून पालक भिजवला तर पाणी जमिनीत जिरून जातं. फक्त मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी उन्हानेच दिवसाला सेंटीमीटरभर उतरते, म्हणून टाकीवर गोणपाटाची सावली हवी. सावली केलीत की शेवाळही कमी धरतं.

टाकी गच्चीवर ठेवू नका. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ओल्या खडीचा वाफा वेगळा. माझ्या मेव्हण्याने स्लॅबकडे बघून नुसतं "हूं" केलं आणि मी टाकी अंगणात उतरवली. मेव्हणा गवंडी आहे.

पाणी नळाचं असेल तर त्यात टीसीएल पावडर असते. ती माणसांना वाचवते आणि माशांना मारते. बॅरल उघडा ठेवून एक-दोन दिवस वारा लागू द्या, क्लोरीन उडून जातो. पाणी बोअरचं असेल तर क्लोरीन नाही, पण ते जड असतं आणि त्याचा सामू आठाच्या आसपास निघू शकतो. सामू सातावरून आठावर गेला की त्याच अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. हे वाक्य दोनदा वाचा, मी एकदाच वाचलं होतं. खडी घेतानाही तिच्यावर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती सामू आणखी चढवेल. आपल्याकडचा काळा दगड फेसाळत नाही. दुष्काळी तालुक्याला निसर्गाने एवढी एक सवलत दिलेली आहे.

एकूण नवशिक्याने हे पक्कं धरावं की मासा पाळायचा नसतो, पाणी पाळायचं असतं. पाणी सांभाळलंत की मासा आपला आपण जगतो. शिरूरच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागू नये, पण मला शिकावं लागलं.

पायरी तिसरी : मोटार बसवा

मोटार ऑनलाइन मागवताना पत्त्यात 'शिरूर' एवढंच लिहू नका. महाराष्ट्रात शिरूर पुष्कळ. माझी मोटार पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला जाऊन आठ दिवस पाहुणचार घेऊन आली. कासार लिहा, जिल्हा बीड लिहा, तालुका लिहा, आणि तरीही फोन चालू ठेवा.

वाफ्यात पाणी भरून ते एकदम ओसरावं यासाठी घंटा-सायफन नावाची युक्ती असते. उभा पाइप, त्याच्यावर उपड्या ग्लासासारखी टोपी. पाणी आतल्या पाइपच्या तोंडावर चढलं की सायफन धरतो आणि सगळा वाफा रिकामा करून शेवटी हवा ओढत 'घळ्ळ' असा आवाज करतो. मग मुळांना वारा मिळतो, पुन्हा पाणी चढू लागतं. माझा सायफन साधारण दर पंधरा मिनिटांनी घळघळतो. पहिले चार दिवस या आवाजाने झोप लागत नाही. नंतर आवाज थांबला की झोप उडते.

कारण आवाज थांबला म्हणजे लाईट गेली.

एप्रिलातली रात्र. तीनच्या सुमाराला जाग आली ती शांततेने. बॅटरी घेऊन बाहेर आलो तर सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करतायत, चाळीस लहान लहान वाटोळी तोंडं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम राहतो, ३० अंशाला साडेसातच. माशांना पाच तरी लागतो आणि आमच्याकडे रात्रीही पाणी निवत नाही. मी तांब्या घेतला आणि टाकीतलंच पाणी उचलून वरून धार धरू लागलो. महादेवाला अभिषेक करतात तसं, फक्त जलद. अर्ध्या तासाने बायको आली, काही न बोलता बादली घेऊन समोर उभी राहिली. तिची बादली माझ्या तांब्यापेक्षा जास्त ऑक्सिजन देत होती. साडेपाचला लाईट आली. अकरा मासे गेले, उरलेले वाचले, आणि आम्ही दोघंही त्या दिवशी आपापल्या कामावर झोपा काढत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला. तो आधी आणा. मासे नंतर.

पायरी चौथी

ही पायरी लाईट आल्यावर वाचा.

आली? मग ऐका. हे खरं तर माशांच्या आधी करायचं असतं. टाकीत पाणी फिरवत ठेवायचं, थोडा अमोनिया मिळेल अशी तजवीज करायची आणि चार ते सहा आठवडे काहीही करायचं नाही. या काळात खडीवर जिवाणू वस्ती करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, ते भाजीचं खत. दुसरी जात पहिलीच्या मागून सावकाश येते, आणि तोवर टाकी विषाची असते. रिकामी टाकी दीड महिना फिरत राहिलेली बघून गल्लीत जे बोललं जातं ते सहन करणं हा या पद्धतीतला सगळ्यात अवघड भाग. "मासे कुठायत?" असं रोज विचारतात. "जिवाणू आलेत" हे उत्तर देऊन बघा.

तपासणीसाठी थेंब टाकून रंग बघायचा संच मिळतो. अमोनियाच्या नळीत पिवळा रंग म्हणजे बरं, हिरवा म्हणजे वाईट. शेतकऱ्याच्या पोराला हे उलटं वाटतं, सवय होते.

पायरी पाचवी : खायला घाला, पण कुणाला घालू देऊ नका

माझी आई माळकरी आहे. भगवानगडाची वारी तिने चुकवलेली मला आठवत नाही. अंगणात मासे येणार हे कळल्यावर तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी टाकीपाशी खुर्ची टाकून बसली. मला वाटलं, जिंकलो.

एकादशीला मी बाहेरगावी होतो. आईने परातीत कणीक भिजवली, गोळ्या केल्या आणि रामनाम घेत एकेक टाकीत सोडली. नदीवर गेलं की माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, हे तिने लहानपणापासून केलेलं. इथे तर मासे दारात आलेले. शेजारच्या दोन म्हाताऱ्या पण आल्या, त्यांनीही आपापली कणीक आणली. पुण्य वाटून घेतलं. नदीत हे चालतं, नदी वाहते. टाकीत न खाल्लेल्या गोळ्या तळाशी आंबल्या, दुसऱ्या दिवशी थेंब टाकला तर नळी गर्द हिरवी. नऊ मासे गेले. आईला मी काहीच सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, की तुझ्या एकादशीने मेले म्हणून? मासे मोजायची तिला सवय नव्हती, एवढं बरं.

तर नियम असा. माशांच्या वजनाच्या एक-दोन टक्के खाद्य रोज, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच, उरलं तर जाळीने काढून टाकायचं. पन्नास ग्रॅमचे चाळीस मासे म्हणजे दोन किलो, त्यांना चाळीस ग्रॅम, एक मूठ. जागतिक अन्न व कृषी संघटनेची २०१४ सालची पुस्तिका सांगते की पालेभाजीच्या चौरस मीटरमागे रोज चाळीस ते पन्नास ग्रॅम खाद्य पुरतं. म्हणजे एका मुठीवर एका पलंगाच्या निम्म्या जागेतला पालक निघतो. हजार लिटरला वीस किलोपेक्षा जास्त मासे ठेवू नका, असंही तीच सांगते. तेवढे कधी होतील ही चिंता मात्र करू नका.

आता आईला रोज सकाळी मी एक चिमूट खाद्य मोजून हातात देतो. ती त्याला नैवेद्य म्हणते. चालतं.

भाजीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पालक, पुदिना आणि अळू माजतात. मेथी बरी येते. पानं पिवळी पडली तर लोह कमी आहे, कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणा आणि दुकानदाराने "पीक कोणतं?" विचारलं तर "रोहू" असं सांगू नका. कीड आली तरी फवारा मारू नका. कपाशीवर मारायचं सायपरमेथ्रिन माशांना थेंबाच्या अंशानेही मारतं. फवारणीचा पंप टाकीजवळ धुणाऱ्याला तर अंगणातच येऊ देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

एक अडचण मात्र कुठल्याच पुस्तिकेत नाही. "रोज सकाळी पाण्याची तपासणी करा" असं त्यांत लिहिलेलं असतं. आमच्या तालुक्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घरंच्या घरं कुलपं लावून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. सहा महिने रोज सकाळी घरी असणारा माणूस ही या पद्धतीची पहिली गरज आहे, मोटारीच्याही आधीची. ज्याला पगार आहे त्यानेच हा खेळ करावा, आणि करताना आपल्याला जमलं ते गावाला का जमत नाही असं भाषण करू नये.

आणि टाकीवर जाळी बांधा. एक तर रोहू उडी मारतो, माझे तीन सकाळी फरशीवर सापडले. मांजराने दोन नेले. शिवाय २०२५च्या सप्टेंबरात सिंदफणेला पूर आला तेव्हा कळलं की काही वेळा मासे नदीत जात नाहीत, नदीच माशांना न्यायला येते. आमची गल्ली उंचावर, वाचली. पण त्या रात्री टाकीत निळकल्ल्या नाही, या विचाराने मला बरं वाटलं.

पायरी शेवटची : खा

रोहू पाव-अर्ध्या किलोचा झाला की काढायला हरकत नाही. मात्र सोमवारी नाही, गुरुवारी नाही, शनिवारी नाही, चतुर्थीला नाही, एकादशीला नाही. श्रावणात नाही. नवरात्रात नाही. गावात सप्ताह बसला असेल तर नाही. हे सगळे दिवस मासे खातपीत राहतात. उरलेल्या दिवसांपैकी ज्या दिवशी आई गावाला गेली असेल तो धरायचा. चूल अंगणात, पातेलं वेगळं, उलथनं वेगळं. हळद-मीठ लावून तुकडे ठेवायचे, काळ्या मसाल्याचा पातळ रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. रोहूला काटे फार, बोलत बोलत खाऊ नका.

चवीचं विचाराल तर आठवडी बाजारातल्या मावशींकडचा मासा अधिक चवदार असतो. तो तळ्यात वाढलेला असतो आणि त्याने आपली झोप मोडलेली नसते.

माझ्या वहीतला हिशेब असा. आणलेली बोटुकली चाळीस. लाईट गेल्यामुळे अकरा, एकादशीला नऊ, उडी मारून तीन, मांजराने दोन. आम्ही खाल्ले आठ. टाकीत आज सात आहेत. पालक मात्र गेल्या दिवाळीपासून विकत आणलेला नाही, आणि आप्पा रोज संध्याकाळी आपल्यासाठी मेथीची जुडी मागून नेतात.